पाच चिन-अप आणि एक कोपर

ओला टॉवेल पिळताना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली आणि टॉवेल हातातून सुटला. आदल्या दिवशी चिन-अपचे सहा सेट मारले होते. हात भरून आले असतील म्हणत मी तो टॉवेल डाव्या हाताने कसाबसा पिळला आणि विसरून गेले. दुखणं तिथे सुरू झालं असं मला बरेच दिवस वाटत होतं. पुढे व्यायामाच्या वहीची पानं मागे उलटली तेव्हा दिसलं की त्याच्या दोन महिने आधीपासून मी अधूनमधून ‘कोपर जरा जड’ असं कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. लिहिलं होतं, वाचलं मात्र नव्हतं.

तेव्हा मी ३९ वर्षांची होते आणि वजनं उचलायला लागून तीन वर्षं झाली होती. स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभं राहत उचलणं) बऱ्यापैकी जमत होते, पण हौस होती ती वेगळीच. दांड्याला लोंबकळून स्वतःचं अख्खं वजन हनुवटी दांड्याच्या वर जाईपर्यंत ओढायचं. पहिला चिन-अप निघाला त्या रात्री आरशासमोर उभं राहून चक्क बेटकुळी काढून पाहिली. मग एकाचे पाच करायचं डोक्यात बसलं. आठवड्यातून दोनदा लोंबकळायची ती पाचदा लोंबकळायला लागले. दंड मजबूत व्हावेत म्हणून सरळ बारने कर्ल, म्हणजे कोपर दुमडून वजन वर आणणं, पकड मजबूत व्हावी म्हणून स्ट्रॅपशिवाय, म्हणजे मनगटाला बांधायच्या पट्ट्यांच्या आधाराशिवाय डेडलिफ्ट, आणि शेवटी दमल्यावरही दांड्याला नुसतं टांगून घेणं. माझ्या हिशेबाने हे चार वेगळे व्यायाम होते. कोपराच्या हिशेबाने तो एकच व्यायाम होता. मूठ आवळणारे, मनगट आत वळवणारे, तळवा पालथा करणारे बहुतेक स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्यावर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, येऊन चिकटतात. सगळा भार मी त्या एका खुंटीला टांगत होते.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. हा आलाही मुंगीच्याच पावलाने. आधी फक्त पहिल्या सेटला दुखायचं, अंग तापलं की गायब. इथेच माणूस फसतो. मला वाटायचं, व्यायामाने बरं वाटतंय म्हणजे व्यायाम मानवतोय. मग दार ओढताना, डब्याचं झाकण फिरवताना, किल्ली वळवताना दुखायला लागलं. शेवटी शेवटी पाण्याची भरलेली बाटली उजव्या हाताने उचलायची नाही, हे हाताने मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मग जे सगळेच करतात ते केलं: तीन आठवडे पूर्ण विश्रांती. दुखणं साफ गेलं. चौथ्या आठवड्यात मी जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी ते परत हजर, थोडं अधिकच. पुन्हा दोन आठवडे बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तेच. असा तीनदा फेरा झाला. बर्फ लावून झाला, शेकून झालं, मलमाच्या नळ्या पिळून झाल्या. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं, “मॅडम, थोडं दुखणारच, आत्ता सोडू नका.” शेजारच्या रॅकवरच्या मुलाने सांगितलं, “ताई, सहा महिने हातच लावू नका.” दोघंही अर्धे बरोबर होते, पण चुकीच्या अर्ध्यावर.

पुढची पायरी म्हणजे इंजेक्शन. डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण हट्ट माझाच होता. त्यांनी दुसरे उपायही सांगितले होते, पण ते महिन्यांच्या भाषेत होते आणि मला दिवसांची भाषा हवी होती. कॉर्टिझोन म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि चौथ्या दिवशी कोपर इतकं शांत झालं की मला त्याच्या शांततेचं कौतुक वाटलं. सहा आठवडे मजेत गेले. चिन-अप तीनवर गेले. सातव्या आठवड्यात एका सकाळी ब्रश करताना तीच कळ, पण आता पार मनगटापर्यंत उतरणारी.

नंतर वाचल्यावर कळलं की हा अनुभव काही माझ्या एकटीचा नाही. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. तो टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचा आहे. एका वर्षानंतर पाहिलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं होतं, आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १२ टक्के लोकांचं. सुरुवातीच्या आठवड्यांत आराम मिळतो तो खरा, पण पुढच्या महिन्यांत त्याची भरपाई करावी लागते. माझ्या बाबतीत त्या आरामात मी आणखी वजनं चढवली, तो शहाणपणा तर माझा स्वतःचाच.

अखेर एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी अर्धा तास कोपराला हातच लावला नाही. मान सगळीकडे वळवून पाहिली, कारण मानेतून निघालेलं दुखणं कोपरात बोलू शकतं. करंगळीत आणि अनामिकेत मुंग्या येतात का, रात्री हात बधिर होतो का, हे विचारलं. कोपराच्या मागच्या खोबणीत बोटाने टकटक केलं. तिथून अल्नर नावाची नस जाते. कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. ती दबली असेल तर सगळं उपचाराचं गणित बदलतं. गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं का, असाही प्रश्न आला. मला तो भलताच वाटला. पण सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं काही लोकांच्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोराला, इजा करतात आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. असा इशारा असतो हेच मला माहीत नव्हतं. मी घेतलं नव्हतं, पण तेव्हापासून डॉक्टरांकडे गेले की ‘मी वजनं उचलते’ एवढं आवर्जून सांगते.

मग त्यांनी आतल्या उंचवट्याच्या जरा खाली अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठले. मनगट आत वळवायला सांगून त्यांनी विरोध केला, दुखलं. तळवा पालथा करायला सांगून विरोध केला, दुखलं. मनगट मागे वळवताना काहीच नाही. म्हणजे गोल्फर्स एल्बो, कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं. आयुष्यात मी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पकड मोजायच्या यंत्रावर, दुखायला लागेल तिथे थांबायचं या अटीवर, डाव्या हाताचा आकडा आला २९ किलो आणि उजव्याचा ११. हा ११ पाहून मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही.

“सूज कधी उतरेल?” मी विचारलं.

“सूज आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

इथून पुढचं ऐकताना मला माझ्याच हाताबद्दल नव्याने कळत गेलं. जुन्या दुखऱ्या टेंडनमध्ये आपण समजतो तसा दाह फारसा नसतो. १९७९ मध्ये रॉबर्ट नर्शल आणि फ्रँक पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे तपासून सांगितलं, की दाह करणाऱ्या पेशींऐवजी तिथे दिसतो तो विस्कटलेला, नीट न विणलेला तंतूंचा गुंता. टेंडन, म्हणजे पुस्तकी मराठीतली कंडरा, हा कोलॅजनच्या समांतर तंतूंचा दोर आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या कोपरात उलटं झालं होतं. सुंभ शाबूत होता आणि पीळ सुटला होता. विश्रांतीने दुखणं थांबतं, पण विश्रांतीने पीळ परत बसत नाही. उलट तीन आठवडे न वापरलेला दोर आणखी कच्चा होतो आणि मी त्यालाच जुनं वजन टांगत होते.

स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवायला लागतो. टेंडनला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे त्याला महिने लागतात. याबद्दलचा मला सर्वांत आवडलेला पुरावा विचित्र ठिकाणहून आलाय. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण एकदम वाढलं आणि १९६३ नंतर उतरत गेलं. शरीरातली ऊती कोणत्या वर्षी बनली हे त्या प्रमाणावरून ओळखता येतं. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये ही मोजणी टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर केली, तेव्हा त्याचा गाभा वयाच्या साधारण १७ वर्षांपर्यंतच घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही असं दिसलं. शेजारचा स्नायू मात्र स्वतःला सतत नवा करत असतो. अभ्यास टाचेचा आहे, कोपराचा नव्हे. तरी शाळकरी वयातला दोर घेऊन मी चाळिशीतल्या हट्टाला लोंबकळत होते या कल्पनेने जरा लाजच वाटली.

कार्यक्रम मिळाला तो इतका साधा होता की पैसे वाया गेल्यासारखं वाटलं. पुढचा हात टेबलावर, तळवा वर, मनगट कडेच्या बाहेर, मुठीत चार किलोचं डंबेल. उचलायचं नाही, खाली सोडायचं नाही, मनगट सरळ ठेवून ४५ सेकंद नुसतं धरायचं. दोन मिनिटं थांबायचं. असं पाच वेळा, दिवसातून एकदा. गुडघ्याच्या टेंडनवर २०१५ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा स्थिर धरण्याने दुखणं लगेच कमी झालेलं दिसलं होतं. पुढे सगळ्यांनाच तो गुण आला असं नाही. मला आला. पाचव्या धरण्यानंतर टॉवेल पिळता यायचा, तासाभरापुरता का होईना.

खरी गोष्ट मात्र वजनाची नव्हतीच. पहिल्या आठवड्याचा हिशेब द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “शून्य ते दहामध्ये किती दुखलं?”

“चार. कधी पाच.”

“कधीचं सांगताय?”

“व्यायाम करताना.”

“ते तीनपर्यंत चालेल. मला दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगा.”

तो आकडा माझ्याकडे नव्हता. तीन वर्षं वहीत मी वजनं लिहिली होती, रेप्स म्हणजे एका सेटमधल्या आवृत्त्या लिहिल्या होत्या, पण सकाळचं कोपर कधी लिहिलं नव्हतं. नियम असा ठरला: उठल्यावर, दात घासायच्या आधी, तोच टॉवेल भिजवून पिळायचा आणि आकडा लिहायचा. आदल्या सकाळइतकाच किंवा कमी असेल तर कालचं वजन बरोबर होतं. एकाने वाढला तर आज तेवढंच किंवा थोडं कमी. दोनने वाढला तर कालचा व्यायाम चुकला, मग करताना कितीही छान वाटलेलं असो. टेंडन उशिरा तक्रार करतो. करतानाच्या दुखण्यावर भरवसा ठेवणारा माणूस एक दिवस मागे राहून निर्णय घेत असतो.

पंधरा दिवसांत टॉवेल पाचवरून दोनवर आला. मग हालचाल सुरू झाली: त्याच टेबलावर डंबेल तीन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली, १५ रेप्सचे तीन सेट, एक दिवसाआड. रोज का नाही, तर जड व्यायामानंतर टेंडनमध्ये आधी मोड होते आणि घडण नंतर वरचढ ठरते. पहिले २४ ते ३६ तास हिशेब तोट्याचाच असतो. दुसरा व्यायाम: डंबेलचं एकच टोक मुठीत धरून, दुसरं टोक मोकळं, हळूहळू तळवा उताणा आणि परत मध्यावर. हातोडीने हा प्रकार आणखी चांगला होतो. पहिला व्यायाम तीन किलोपासून सुरू केला. बारा आठवड्यांत नऊ किलोवर आले आणि १५ चे ८ रेप्स झाले. ही वाढ वहीत सरळ रेषेसारखी दिसत नाही. सातव्या आठवड्यात सामान हलवण्याच्या नादात खोकी उचलली आणि टॉवेल थेट पाचवर. दोन आठवडे मागे.

हे सगळं करताना कंटाळा येतो, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. दुखण्यापेक्षा कंटाळ्यानेच जास्त लोक सोडून देत असतील असा माझा अंदाज आहे. मला त्या दिवसांत हाकन अल्फ्रेडसनच्या गोष्टीने तारलं. हा स्वीडिश ऑर्थोपेडिक डॉक्टर धावायचा आणि त्याची टाच दुखायची. शस्त्रक्रिया करून द्या म्हटलं तर वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा टेंडन एकदाचा तुटूच दे, मग तरी शस्त्रक्रिया करावी लागेल, या विचाराने त्याने दुखऱ्या पायावर वजन चढवून टाचा खाली सोडण्याचा व्यायाम चालू ठेवला. तुटायच्या ऐवजी टाच बरी झाली. त्यातून १९९८ मध्ये १५ धावपटूंवरचा त्याचा प्रसिद्ध अभ्यास निघाला: दिवसाला १८० रेप्स, १२ आठवडे. आता संशोधक म्हणतात की नुसतं खाली सोडणंच हवं असं नाही, संथ आणि जड उचलणंही तितकंच चालतं. पण रागाच्या भरात स्वतःची टाच तोडायला निघालेला डॉक्टर आठवला की माझे टेबलावरचे ४५ सेकंद सरायचे.

मधल्या काळात जिम बंद केली नाही, आणि हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. पायांचा व्यायाम दुप्पट केला. फक्त स्क्वॉटचा बार पाठीवर फार खाली ठेवायचे तो वर घेतला, कारण खाली ठेवला की मनगट मुडपतं आणि भार कोपरावर येतो. डेडलिफ्टला पहिल्या सेटपासून स्ट्रॅप बांधले; पकडीचा अभिमान वर्षभर खुंटीला. एक हात उताणा आणि एक पालथा अशी मिश्र पकड तर कायमची सोडली. त्यात उताण्या हाताच्या बायसेप्सचा टेंडन कोपरापाशी तुटू शकतो. फट्‌कन आवाज, काळंनिळं होणं, बेटकुळी वर सरकून दंडात खड्डा पडणं, असं झालं तर टेबलावरचे व्यायाम करत बसायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. शिवायचं असेल तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सोपं जातं. सरळ बारचे कर्ल गेले, त्यांच्या जागी हातोडी धरल्यासारखे, अंगठा वर ठेवून केलेले कर्ल आले. कोपराखाली बांधायचा पट्टाही घेतला होता. लिहिताना, कपडे वाळत घालताना बरा वाटायचा. त्याच्या जिवावर वजन वाढवलं नाही एवढंच.

दोन सवयी मात्र फिजिओने माझा चिन-अपचा जुना व्हिडिओ पाहून पकडल्या. वर जाताना मी मनगट आत मुडपत होते, म्हणजे हनुवटी दांड्याजवळ जायच्या आधी मनगटच दांड्याला मिठी मारत होतं. आणि मूठ अशी आवळत होते जणू दांडा पळून जाणार आहे. तिसरी सवय मी स्वतः शोधली. मी कोपर पूर्ण दुमडून, हात उशीखाली घेऊन झोपत होते. ते सोडल्यावर सकाळचा आकडा एकाने उतरला. यामागचं शास्त्र मी सांगणार नाही, वहीतला आकडा सांगते.

पाचव्या महिन्यात पकडीच्या यंत्रावर उजवा हात २६ किलोवर आला. तेव्हा ओढायला परवानगी मिळाली. आधी मशीनवर बसून, तळवे समोरासमोर. मग रबराच्या पट्ट्यात पाय टाकून अर्धं वजन पट्ट्यावर. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: वजन, नाहीतर रेप्स, नाहीतर दिवस. तिन्ही एकदम वाढवायचा मोह कसा होतो हे मला वेगळं सांगायला नको. आठव्या महिन्यात पट्टा काढला. समांतर दांड्यांवर एक चिन-अप निघाला. आरशासमोर गेले नाही, घरी जाऊन झोपले आणि सकाळी टॉवेल पिळला: एक.

आज टॉवेल बहुतेक सकाळी शून्य असतो, थंडीत किंवा झोप कमी झाली तर एक. समांतर पकडीने चार चिन-अप निघतात, उताण्या पकडीने तीन. पाचवा अजून झालेला नाही. गेल्या महिन्यात चौथ्यानंतर हातात अजून जोर होता आणि ट्रेनर खालून ओरडत होता, “मॅडम, एकच, एकच!” मी दांडा सोडला. तो जरा खट्टू झाला.

टेबलावरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा अजूनही चालू आहे, आता अकरा किलोने. आणि परवापासून डावं कोपर, बाहेरच्या बाजूने, चहाचा कप उचलताना जरासं बोलायला लागलंय. वहीत डाव्या हाताचा नवा रकाना आखलाय. आज सकाळी त्यात दोन लिहिलं आणि संध्याकाळच्या रोइंगचे दोन सेट खोडले.